स्टार्टर खोलण्याआधी अर्थिंग बघा

जुनी गाडी सुरू होत नाही म्हणून स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) जळला असं ठरवून लगेच तो खोलायला घेऊ नका. आधी हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलीय, टर्मिनलवर गंज आहे किंवा स्टार्टर अडकलाय. दिवे तसेच राहून नुसतं ‘टक्’ झालं तर सोलेनॉइडचे, म्हणजे स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट तपासा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६ दाखवते.

माझा पहिला संशय मात्र नेहमी अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं एक टोक बॉडी आणि इंजिनला जोडणाऱ्या वाटेवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी सैल किंवा गंजकी झाली की करंट दुसरी वाट शोधतो. स्टार्टर मारताना चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) केबल गरम होत असेल तर कारण हेच! गाडी न्यूट्रलला ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत घासा.

आणि हो, बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं. बॅटरी जोडण्याआधी ते नक्की बघून घ्या.