तांदूळ हातात का धरायचे?

प्रिय मनू,

आज सकाळी तुझं अंथरूण झटकताना 'हॉबिट' कादंबरीच्या पानांतून अक्षतांचे चार दाणे पडले. म्हणजे परवा महालक्ष्मीची पोथी संपल्यावर तू मुठीतले तांदूळ घटापुढे वाहिलेच नाहीस, तशीच उठून पुस्तक उघडलंस. रागावत नाहीये. त्या दाण्यांमुळे तुझा प्रश्न पुन्हा आठवला, म्हणून हे पत्र. जड जाईल तिथे बाबांना वाचायला सांग.

तू विचारलं होतंस, "बाबा हॉबिट वाचतात तेव्हा मी लोळत, बिस्किटं खात ऐकते. तुझ्या गोष्टीला मात्र मांडी घालून, हातात तांदूळ धरून का बसायचं? दोन्हीकडे राज्य जातं आणि परत मिळतं. सेमच तर आहे!" मी आधी "श्श" केलं आणि नंतर कणीक मळता मळता म्हणाले, "ती कल्पनेतली गोष्ट, ही देवीची." तू मान हलवलीस, पण पटल्यासारखी नाही. मलाही ते उत्तर पटलं नव्हतं.

तुझं म्हणणं खरंच आहे. महालक्ष्मीच्या पोथीत काय होतं? भद्रश्रवा राजाच्या दारात एक म्हातारी काठी टेकत येते, आणि सुरतचंद्रिका राणी तिला हाकलून देते. ती म्हातारी म्हणजे लक्ष्मी. आणि हॉबिटच्या पहिल्याच प्रकरणात बिल्बो या नायकाच्या दाराशी गॅन्डाल्फ नावाचा काठीवाला म्हातारा येतो, आणि बिल्बोही त्याला गोड बोलून वाटेला लावायला बघतो. आता पुढची गंमत ऐक. उत्तर युरोपातला जुना ओडिन देव असाच रुंद टोपी घालून, हातात काठी घेऊन, वेष बदलून लोकांच्या दारी जायचा. हॉबिट लिहिणाऱ्या टोल्किनने 1946 च्या एका पत्रात गॅन्डाल्फला ओडिनसारखा भटक्या म्हटलं आहे. थोरिन, ड्वालिन, फिली, किली ही बुटक्यांची नावंही त्याच्या डोक्यातली नाहीत. 'व्होलुस्पा' नावाच्या जुन्या काव्यात बुटक्यांची लांबलचक यादी आहे, तिथून त्याने ती उचलली. त्या यादीत गॅन्डाल्फ हेही एका बुटक्याचंच नाव आहे.

मग ओडिनच्या गोष्टीतले तांदूळ कुठे गेले?

आइसलँडच्या लोकांनी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म घेतला. त्यानंतर दोनशे वर्षांनी स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या माणसाने ओडिन-थोरच्या गोष्टी लिहून काढल्या. कशासाठी? पूजेसाठी नाही. जुन्या कवितांमध्ये या देवांचे उल्लेख असायचे, आणि तरुण कवींना ते कळेनासे झाले होते. म्हणजे तोवर ते देव अभ्यासाचा विषय झाले होते. कोणी त्यांना नवस बोलत नव्हतं, नैवेद्य दाखवत नव्हतं. ज्या गोष्टीतल्या देवाला कोणी काही देणं लागत नाही, तिच्यातलं नाव उचलून दुसऱ्याला द्यायला लेखक मोकळा होतो. ओडिनची टोपी गॅन्डाल्फच्या डोक्यावर गेली ती अशी.

पोथीचं तसं नाही. ती वाचून संपते, पण आपलं काम तिथे संपत नाही. शेवटच्या गुरुवारी सात जणींना बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, फळ आणि पोथी द्यायची, आणि त्यातली प्रत्येक जण लक्ष्मी समजायची. राणीने म्हातारीला हाकललं, तेव्हा आपण दारात आलेलीला आत घ्यायचं. तांदूळ मुठीत असतात ते त्यासाठी, असं मी मानते. नुसती ऐकणारी म्हणून तू तिथे बसत नाहीस. राणीच्या मुलीने, शांबालेने वसा पाळला, आता तो तुझ्याकडे आलाय. पुस्तकातल्या गॅन्डाल्फसाठी तुला कधी दार उघडावं लागणार नाही. (आणि हो, आपण हे व्रत करतो त्या वाराला तुझ्या डॅनिश शाळेत 'टॉर्सडे' म्हणतात, म्हणजे थोरचा वार. मला दर आठवड्याला हसू येतं.)

पण एवढ्यावर मी हे पत्र संपवलं असतं तर पुन्हा कणीक मळतानाचंच उत्तर झालं असतं. कारण आजोळचा वेतोबा, म्हणजे वेताळ.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला त्याचं देऊळ आहे. तू तीन वर्षांची असताना गेलो होतो, तुला आठवत नसणार. माणसाहून उंच मूर्ती, आणि देवळात ठेवलेल्या चामड्याच्या चपला एवढ्या मोठ्या, की तू एकीत बसायला निघाली होतीस. लोक नवस फेडायला केळीचे घड आणि चपला वाहतात. आजी सांगते, "रातचो फिरता तो, म्हणान झिजतत." आणि ती हे गोष्ट सांगितल्यासारखं सांगत नाही. पाऊस लांबलाय, गॅस संपलाय, त्याच सुरात सांगते.

हाच वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून पंचवीस गोष्टी सांगतो. त्या ऐकताना कोणी तांदूळ घेत नाही, मजेत ऐकतात. आणि हाच वेताळ माझ्या मामाच्या पत्र्याच्या पेटीत होता, जांभळे घट्ट कपडे आणि तोंडावर मुखवटा घालून! ली फॉक या अमेरिकन माणसाने 1936 मध्ये फँटम नावाचा नायक काढला. 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे आला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं वेताळ. मी मे महिन्यात माळ्यावर बसून ते सगळे अंक वाचायचे. त्यातल्या जंगलातले लोक त्याला मरण नसलेलं, चालतं-फिरतं भूत मानतात. खरं तर बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, की आरवलीचा वेतोबाही तसाच असेल का, बापामागून मुलगा? आजीने माझ्याकडे असं काही बघितलं की पुढचे चार दिवस मी अंधार पडल्यावर न्हाणीघरात एकटी गेले नाही.

तर एकच नाव एका गावात देव आहे, एका ग्रंथात गोष्टीवेल्हाळ भूत आहे आणि एका पेटीत मुखवट्यातला माणूस आहे. तिघं एकमेकांच्या आड येत नाहीत. मला आवडत नाही ते वेगळंच. हल्ली आपल्या देवांना स्नायू फुगवून, शस्त्रं देऊन लढवय्ये नायक करून टाकतात आणि वर "ही तुमची संस्कृती" म्हणून विकतात. त्यात ना फँटमची मोकळी मजा, ना वेतोबाचा धाक. पण हे माझं मत. तू मोठी झालीस की भांड माझ्याशी.

एक मात्र मला अजून उलगडलेलं नाही. बुटक्यांची ती यादी ज्या हस्तलिखितात आहे, ते चामड्याच्या पंचेचाळीस पानांचं बाड तीनशे वर्षं आपल्या याच कोपनहेगनमध्ये होतं. 1662 मध्ये एका बिशपने ते डेन्मार्कच्या राजाला भेट पाठवलं. 1971 मध्ये डेन्मार्कने ते आइसलँडला परत केलं, नौदलाच्या जहाजातून. रेक्याविकच्या धक्क्यावर ते बघायला हजारो माणसं उभी होती. ओडिनला मानणारं त्यांच्यात क्वचितच कोणी असेल. त्यांच्या मुठीत तांदूळ नव्हते हे खरं, पण ती सगळी लोळत, बिस्किटं खात आली नव्हती, एवढं नक्की.

येत्या गुरुवारी उद्यापन आहे. सहा जणी जमल्या आहेत, सातवी म्हणून तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीला बोलाव, कुमारिका चालते. तिला पोथी डॅनिशमध्ये तू सांगायचीस. हंडाभर धनाचे कोळसे होतात तो भाग गाळू नकोस. आणि शांबाला माहेराहून फक्त मीठ आणते आणि नवऱ्याला म्हणते, "राज्याचं सार आणलंय," तिथे जरा थांब, मी आळणी भाजीचा एक घास सगळ्यांना देणार आहे. मैत्रिणीच्या हातात तांदूळ द्यायचे की बिस्किट, ते तू ठरव.

तुझी,
आई