वायफाय शिकवण्यासाठी स्लाइडचा कोणता साचा निवडावा?
वायफायचे तंत्र वर्गात समजावण्यासाठी तयार साच्यांपैकी कोणता घ्यावा, असा प्रश्न आहे. निळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे जाळे दाखवणारे साचे टाळावेत. ते आकर्षक दिसतात खरे, पण आकृतीला जागाच ठेवत नाहीत. १६:९ प्रमाणाचा, पांढरा आणि एकच मोठी रिकामी चौकट असलेला साचा घ्यावा, कारण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातील शेजारचे चॅनेल (म्हणजे त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) एकमेकांवर कसे चढतात आणि म्हणून १, ६ व ११ हीच तिकडी सहसा का निवडली जाते, हे रुंद आडव्या आलेखाशिवाय नीट उमगत नाही. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी तीच चौकट पुन्हा वापरावी. १९९७ च्या ८०२.११ या वायफायच्या मूळ तांत्रिक मानकापासून पुढच्या आवृत्त्यांना साधा तक्ता पुरतो. अ‍ॅनिमेशन मात्र राउटर आणि मोबाइल यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीपुरतेच ठेवावे, कारण तेथे क्रम महत्त्वाचा असतो.