सायीचे चोर, दोन नळ आणि मी

या महिन्यात पत्रं बरीच आली. त्यातली दोन माझ्या स्वयंपाकाविषयी होती, ती मी बाजूला ठेवली आहेत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख: वडील मिरजेला डॉक्टरी शिकले आणि इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशरमधल्या प्रेस्टन गावी हॉस्पिटलात लागले. मी तिथलीच, १९६९ ची. गावच्या ग्रंथालयात काम करते. नवरा गोरा आहे, शेजारच्या यॉर्कशायर परगण्याचा; लँकेशर आणि यॉर्कशायरचं वैर जुनं. लग्न ठरलं तेव्हा आईने दोन दिवसांत जुळवून घेतलं. शेजारच्या इंग्रज काकूंना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. लँकेशरच्या पोरीने यॉर्कशायरचा मुलगा करायचा म्हणजे काय!

नाशिकहून एक वडील विचारतात: मुलगी मँचेस्टरला शिकायला गेली आहे. तिच्या बेसिनला दोन नळ आहेत. एकातून चटका बसतो, दुसऱ्यातून हात बधिर होतात. एवढ्या पुढारलेल्या देशाला दोन्ही एकत्र करायला काय झालं?

इकडच्या जुन्या घरांत गार पाणी थेट रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून येई, ते पिण्याचं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून उतरून, तापून येई. त्या टाकीत काय पडलेलं असेल याचा नेम नसायचा. आमच्या टाकीत एकदा कबुतर निघालं होतं, आणि ते काही त्याच आठवड्यातलं नव्हतं. हे टाकीचं पाणी उलटं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू नये असा नियम होता, म्हणून नळ वेगळे. पुढे कितीतरी घरांतून टाक्या गेल्या, नळ राहिले. कारण गेलं तरी सवय न सोडणं यात इंग्रजांचा हात फक्त आपणच धरू शकतो.

मुलीला सांगा, गरम नळ सोडला की सुरुवातीला काही सेकंद गारच पाणी येतं, मग क्षणभर कोमट, मग चटका. त्या कोमट क्षणात हात धुऊन व्हायला हवेत. आमचं सगळं बालपण या सरावात गेलं.

खरी इंग्रजी रीत म्हणजे बेसिनला बूच लावून दोन्ही पाणी एकत्र साठवायचं आणि त्यात तोंड धुवायचं. वडिलांना ते कधीच जमलं नाही. "साचलेल्या पाण्यात?" एवढंच म्हणायचे. त्यांनी लाल प्लास्टिकची बादली आणली, आईने ट्रंकेतून पितळी तांब्या काढला, आणि आमच्या न्हाणीघरातल्या त्या लांबलचक टबाच्या मधोमध बादली बसली. एकदा शेजारच्या काकू वरच्या मजल्यावर हात धुवायला गेल्या. खाली आल्या त्या गंभीर चेहऱ्याने. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचे यजमान शिडी घेऊन दारात: तुमचं छप्पर गळतंय असं कळलं.

सांगलीहून एक शिक्षक विचारतात: इंग्रज लोक सदान्‌कदा हवेवर बोलतात हे खरं का?

खरं आहे. पण ते हवेवर बोलत नसतात. "पाऊस थांबलेला दिसतो" म्हणजे "मी तुमच्याशी दोन मिनिटं बोलू का?" आपण "जेवण झालं का?" विचारतो तेव्हा समोरच्याला वाढायची आपली कुठे तयारी असते?

तुम्ही सांगलीचे, म्हणून १९७६ ची गोष्ट तुम्हाला सांगते. त्या वर्षी इंग्लंडात मोठा उन्हाळा आणि दुष्काळ पडला. जूनच्या शेवटापासून सलग पंधरा दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३२ च्या वर. हिरवळी वाळून पिवळ्या पडल्या. ओव्हलच्या मैदानावर गवत नावालाही उरलं नव्हतं, आणि तिथल्याच कसोटीत वेस्ट इंडीजच्या मायकेल होल्डिंगने १४ बळी घेतले. काही भागांत घरचे नळ बंद होऊन लोक रस्त्यावरच्या नळाला बादल्या घेऊन उभे राहिले. लाल ठिपकेदार किड्यांचे थवे आले. शेवटी सरकारने डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्याकडे दुष्काळाचं खातं दिलं, आणि काही दिवसांतच असा पाऊस लागला की विचारू नका.

मी सात वर्षांची होते. मला आठवतो तो आईचा चेहरा. चार वर्षांपूर्वी, १९७२ च्या दुष्काळात, तिला माहेरून पत्रं येत होती: सुकडीची, मिलोच्या लाल भाकरीची, खडी फोडायला गेलेल्या माणसांची. आणि इथे टीव्हीवर एक बाई रडवेली होऊन गुलाबाचं वाळलेलं झाड दाखवत होती. आई उठली, टीव्ही बंद केला आणि भाकरी थापायला गेली. दुसऱ्या दिवशी मात्र भांडी विसळलेलं पाणी काकूंच्या गुलाबांना नेऊन घातलं.

पुण्याहून एक तरुण वाचक (वय २४, असं आवर्जून लिहिलंय): तुम्ही दर अंकात "पूर्वी" म्हणता. खरंच एवढी कशाची आठवण येते? तेव्हा तर घरं गार, टीव्हीवर तीन चॅनल, रविवारी दुकानं बंद.

बाळा, बरोबर आहे. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा, आणि मी शाळेचे कपडे पांघरुणात घेऊन तिथेच बदलायची. आता घरात २१ अंश ठेवते आणि त्या बर्फाची आठवण काढते. माझ्या वयाचा प्रत्येक इंग्रज हेच करतो. वीज जायची ते दिवस, मेणबत्त्या, फोनच्या लाल खोक्याबाहेर दोन पेन्सांची नाणी मुठीत धरून थांबणं, सगळं गैरसोयीचं होतं आणि सगळ्यांना ते परत हवंय, फक्त हीटर चालू ठेवून.

सीफॅक्स तुझ्या पिढीला माहीत नसणार. टीव्हीच्या पडद्यावरच काळ्यावर रंगीत अक्षरांत बातम्या, हवामान, धावसंख्या. १९७४ ला सुरू झालं, २०१२ ला बंद पडलं. भारतात कसोटी चालू असली की वडील क्रिकेटचं पान लावायचे. पानाचे भाग एकामागून एक आपोआप बदलायचे. चार भाग असले आणि तुम्हाला तिसरा हवा असला, तर थांबायचं. तो आला नि तुम्हाला शिंक आली, तर परत चारही. गावसकर बाद झाल्याचं वडिलांना अशा एका शिंकेमुळे दीड मिनिट उशिरा कळलं. ते दीड मिनिट ते सुखात होते.

पण खरी आठवण येते ती दुधाची. दूधवाला पहाटे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून यायचा. आज इलेक्ट्रिक गाडीचं काय ते कौतुक चाललंय, आमच्या गल्लीत ती १९७५ सालीच घुंईं करत फिरत होती. काचेच्या बाटल्या, वर पातळ पत्र्याचं झाकण, दुधाप्रमाणे झाकणाचा रंग. सोनेरी झाकणाचं दूध सगळ्यात घट्ट. बाटलीच्या गळ्याशी बोटभर पिवळसर साय स्पष्ट दिसायची. काकूंच्या घरी ती नाश्त्याला जायची. आमच्याकडे तिचं विरजण, लोणी, मग तूप. सगळी गल्ली कोबी उकडत असताना आमच्या खिडकीतून कढत्या तुपाचा वास.

आणि या सायीला चोर होते. ब्लू टिट नावाची निळी-पिवळी पाखरं, चिमणीहूनही लहान. दारातल्या बाटलीवर बसायचं, झाकण चोचीने फाडायचं आणि वरची साय खायची. हे आमच्याच गल्लीचं नशीब नव्हतं. १९२१ साली साउदम्प्टनजवळ पहिल्यांदा कुणीतरी ही चोरी टिपून ठेवली, मग देशभरच्या पाखरांनी ती विद्या उचलली. आईचा पाखरांवर राग नव्हता, पण साय म्हणजे साय. तिने रात्री पायरीवर दोन स्टीलच्या वाट्या ठेवायला सुरुवात केली, दूधवाल्याने बाटल्यांवर पालथ्या घालायला. एका वाटीवर आजीचं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं. दूधवाल्याने एकदा विचारलं, हे काय लिहिलंय? आई म्हणाली, माझ्या आईचं नाव. त्या दिवसापासून तो दर शनिवारी पैसे घ्यायला आला की विचारायचा, "आणि आई कशी आहे?" आजी गेल्याची तार आली त्या आठवड्यात त्याने पैसे घेतले नाहीत. पाडव्याच्या आधी बाटलीत चिठ्ठी जायची, आठ बाटल्या जास्त. श्रीखंड समजावून सांगणं आईच्या इंग्रजीला झेपण्यासारखं नव्हतं. तिने एक वाटी त्याच्या हातात दिली. पुढच्या वर्षी तोच आठवण करून द्यायला लागला.

आता दूध सुपरमार्केटच्या प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. त्यावर साय धरत नाही. पाखरं बागेत दाणे खातात. आजीच्या नावाची वाटी सिंकशेजारी असते, नवरा तीत वापरलेल्या टी-बॅग ठेवतो. मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलणार आहे.

ठाण्याहून एक ताई: इंग्रज "सॉरी" कधी मनापासून म्हणतात?

पाय तुम्ही त्यांचा तुडवलात, तरी सॉरी तेच म्हणतात. तेव्हा मनापासूनचं ओळखायचा उपाय नाही. मी गेल्या आठवड्यात ग्रंथालयातल्या खुर्चीला सॉरी म्हटलं. "या एकदा चहाला" याचा अर्थ मात्र आपल्यासारखाच. वार सांगितला तरच जायचं.

कोल्हापूरहून: तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चिंता कोणती?

कचऱ्याचे डबे. एक कागदाचा, एक काचेचा, एक बागेचा, एक उरलेल्या सगळ्याचा, आणि दर आठवड्याला वेगळा. कौन्सिलकडून वेळापत्रक येतं, ते दुसऱ्याच दिवशी हरवतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पडद्याआडून बघायचं, समोरचा कुठला डबा बाहेर काढतो. समोरचाही पडद्याआड असतो. एका नाताळात मीच पहिली धीर करून डबा काढला. तासाभरात गल्लीभर तोच रंग. सकाळी गाडी आली ती दुसऱ्या रंगाची होती. अजून कुणी तो विषय काढलेला नाही, पण त्या गल्लीत मी विश्वासाची बाई राहिले नाही.

मिरजेहून, सही नाही: तुम्ही "आमच्याकडे" लिहिता तेव्हा नेमकं कुठे?

अक्षरावरून मामेभाऊ असावा असा संशय आहे, तरी उत्तर देते.

मिरजेला मी म्हणते, "आमच्याकडे चार वाजता अंधार पडतो." प्रेस्टनला म्हणते, "आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरतात." दोन्हीकडे लोक मान हलवतात. आता गेल्या महिन्यातलीच गोष्ट. प्रेस्टनच्या बस स्थानकावर उभी होते. हे स्थानकही १९६९ चंच. लांबच लांब, वर गाड्या लावायचे मजले, त्यांना काँक्रीटच्या वळलेल्या पाकळ्या. कुरूप म्हणून पाडायला निघाले होते, मग २०१३ मध्ये वारसा म्हणून जपायची वास्तू ठरली. त्याला दर्जा मिळाला, मी अजून वाट बघतेय.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पाऊस थांबलाय म्हणाली. मी म्हटलं, हो, पण येईल परत. मग म्हणाली, तू कुठली गं? प्रेस्टनची. नाही, पण मूळची? हा प्रश्न मला पन्नास वर्षं येतोय, म्हणून मी जरा तिरसटपणे हॉस्पिटलाचं नाव सांगितलं, वॉर्डासकट.

"अगं बाई, मी त्या वॉर्डात नर्स होते," ती म्हणाली. "पाडला ना गं तो." मग तिथल्या खिडक्या, तिथला चहा, तिथली एक भयंकर मेट्रन जिला माझे वडीलही घाबरायचे. आमच्या दोन बस निघून गेल्या.