क्वार्टरबॅक कोवळा असेल तर संघानं नो-हडल खेळावं का?

तुम्ही विचारलंय: "आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगा दहावीत आहे आणि यंदा शाळेच्या व्हार्सिटी (म्हणजे मुख्य) अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून त्याची निवड झालीये. नवे कोच म्हणतात, हडल बंद, सगळं नो-हडल खेळायचं. पंधरा वर्षांच्या पोराला हे झेपेल का? मला या खेळातलं फारसं कळत नाही."

बाकी वाचकांसाठी दोन शब्द: क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा गडी, आणि हडल म्हणजे पुढचा डाव सांगायला संघानं केलेलं कोंडाळं. आधी माझा अधिकार किती ते सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबानं वाचता येईल. मी कोच नाही, आणि हेल्मेट घातलं ते फक्त स्कूटरवर. मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची म्हणून ओहायोत दर शुक्रवारी रात्री मैदानावर जाऊ लागलो. एकदा चेन धरणारा एक जण आला नाही आणि काठी माझ्या हातात आली, ती पुढे सहा हंगाम सुटली नाही. चेन म्हणजे दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या, शिवाय कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा) चाललाय ते दाखवणारी तिसरी. आमच्या मैदानावर चेन पाहुण्या संघाच्या बाजूला असायची. त्यामुळे सहा वर्षं वेगवेगळ्या शाळांच्या कोचांची बोलणी, पोरांच्या धापा, कोण कुणावर ओरडतंय, हे सगळं हातभर अंतरावरून ऐकलं. नो-हडल खेळणारा संघ आला की पहिला पोटात गोळा यायचा तो आम्हा चेनवाल्यांच्या. साखळी उचलून आम्हालाही पळावं लागायचं ना.

माझं मत सांगतो: खेळावं. पण घाईनं खेळू नये. तुमच्या प्रश्नात या दोन गोष्टी एक झाल्यात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच कोचांच्याही डोक्यात त्या एकच असतात.

एक प्ले (चेंडू सुटल्यापासून अडेपर्यंतचा एक प्रयत्न) संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. शाळांच्या खेळातही २०१९ पासून हाच हिशेब आहे. हडल करणारा संघ त्यातली बरीच सेकंदं चेंडूच्या मागे कोंडाळं करून घालवतो. क्वार्टरबॅक पुढचा डाव सांगतो, कोंडाळं मोडतं, सगळे रेषेवर (चेंडू ठेवलेल्या जागी समोरच्यांसमोर) जातात. नो-हडलमध्ये कोंडाळं नाही, सगळे थेट रेषेवर आणि डाव तिथेच कळवायचा. मात्र रेषेवर लवकर पोचलात म्हणून चेंडू लवकर खेळलाच पाहिजे असं नाही. वाचलेली सेकंदं दोन तऱ्हांनी खर्चता येतात. लगेच स्नॅप करून (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन) समोरच्याला दम खाऊ द्यायचा नाही, ही एक. दुसरी म्हणजे रेषेवर उभं राहून समोर काय मांडलंय ते निवांत बघायचं. तुमच्या मुलाला सुरुवातीला ही दुसरी तऱ्हा हवी.

हडल आलं कुठून, हे कळलं तर तुम्हाला गंमत वाटेल. वॉशिंग्टनमध्ये गॅलोडेट नावाचं कर्णबधिर विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड डाव हातवाऱ्यांनी सांगायचा. समोर दुसरा कर्णबधिर संघ असला की त्यांनाही ते कळायचे. म्हणून त्यानं गडी गोल उभे केले आणि हात मधे लपवले. हडलचा उगम साधारणपणे तिथलाच मानतात. आणि आता सव्वाशे वर्षांनी नो-हडलवाले संघ साइडलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, परत हातवारेच करतात, लपवाछपवीसाठी सोबत दोन खोटे हातवारेवाले उभे करून!

आता भाराचं. हडल म्हणजे पोराला आराम आणि नो-हडल म्हणजे ओझं, असं लांबून वाटतं. मलाही वाटायचं. पण हडलमध्ये तुमच्या मुलाला काय करावं लागतं ते बघा. कोचकडून आलेला लांबलचक डाव डोक्यात धरायचा: रचना कुठली, कोण कुठे सरकणार, अडवणारे कसे अडवणार, पळणारे कुठे पळणार, चेंडू कितव्या आवाजाला सुटणार. मग तो दहा जणांसमोर न अडखळता म्हणायचा. त्या दहांतले निम्मे बारावीतले, दाढी फुटलेले, आणि त्यातल्या एकाच्या मित्राची जागा तुमच्या मुलानं घेतलेली. नो-हडलमध्ये डाव सगळेच साइडलाइनवरून किंवा मनगटावरच्या, डावांची यादी असलेल्या पट्टीवरून घेतात, बहुतेकदा एका शब्दात नाहीतर आकड्यात. पोरगा निरोप्या राहत नाही. चांगल्या संघांत डावांची संख्याही आपोआप कमी होते, कारण एका शब्दात मावतील असे डाव मुळात थोडे. पंधरा वर्षांच्या पोरासाठी हा मोठा दिलासा आहे. सरावातही कोंडाळ्याचा वेळ वाचतो, तेवढ्याच तासात जास्त प्ले होतात. नवख्याला जास्त प्ले मिळणं यापेक्षा मोठं औषध मी पाहिलेलं नाही.

आणखी एक फायदा. आपण गडी बदलले नाहीत आणि रेषेवर उभे राहिलो, तर समोरच्या डिफेन्सलाही (अडवणाऱ्या गड्यांनाही) गडी बदलायची उसंत मिळत नाही. चेंडू कधी सुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून फार नाटकं न करता तो साधी मांडणी लावतो. वाचायला सोपी.

एनएफएलमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलं, याचं उदाहरण म्हणजे क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सगळ्यांत आधी निवडलेला हा पोरगा पहिल्या हंगामात सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. त्याच्या संघाचे, रॅम्सचे, त्या वर्षी २२४ गुण, लीगमध्ये सर्वांत कमी. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि तोच संघ ४७८ गुणांसह लीगमध्ये पहिला. नवे लाइनमन (रेषेवर अडवणारे) आले, नवे रिसीव्हर (पास झेलणारे) आले, सगळं श्रेय एका युक्तीला देता येणार नाही. पण युक्ती बघण्यासारखी होती. एनएफएलमध्ये कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटात जातो आणि प्ले-क्लॉकवर (त्या ४० सेकंदांच्या घड्याळावर) १५ सेकंद उरली की बंद होतो. रॅम्स झटपट रेषेवर जायचे, म्हणजे आवाज चालू असतानाच समोरची मांडणी मॅकव्हेला दिसायची आणि तो गॉफच्या कानात सांगायचा. कोवळ्या पोराला अनुभवी डोळे उसने मिळाले. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मात्र पेट्रियट्सनी याच रॅम्सना फक्त ३ गुण करू दिले. उसन्या डोळ्यांवर किती दिवस भागतं, ते त्या रात्री दिसलं असं मला वाटतं. तुमचा मुलगा दहावीत आहे, त्याचं अजून दोन वर्षं भागलं तरी पुष्कळ.

शाळेच्या खेळात हेल्मेटात कोचचा आवाज सहसा नसतो. मग तिथे हे कसं चालतं? मी पाहिलेला एक सामना सांगतो. सप्टेंबर, बारीक पाऊस, पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक इतका किडकिडीत की खांद्याचं पॅड त्याला कुणीतरी मोठ्या भावाचं दिल्यासारखं. साइडलाइनवर तिघं हात हलवत होते, त्यातला खरा कोण ते गळ्यातल्या टॉवेलच्या रंगावरून ठरायचं. तिसरा डाऊन, सात यार्ड हवेत. पोरानं टॉवेल बघितला, मनगट वर केलं, पट्टीवरचं प्लास्टिक पावसानं धुरकट झालेलं. ४३ च्या जागी ३४ वाचलं असावं. रिसीव्हर सगळे पाससाठी सुटले, आणि हा चेंडू द्यायला उजवीकडे वळला, तर तिथे घ्यायला कुणी नाही. पुढच्या क्षणी तो चिखलात, अंगावर दोघं. बाहेर येताना शर्टाच्या बाहीनं पट्टी पुसत होता, पुसत होता, आणि बाही त्याहून ओली.

त्यांचा कोच ओरडला नाही. नुसतं "स्लो" म्हणाला, दोनदा. पुढच्या वेळी चेंडू आला तसे सगळे रेषेवर गेले, पोरानं टाळी (चेंडू सोडायची खूण) वाजवली, चेंडू सुटलाच नाही. समोरच्या लाइनमधला एक जण दचकून पुढे झुकला आणि लांब उभा असलेला सेफ्टी (सगळ्यांत मागे राखण करणारा गडी) दोन पावलं खाली धावला. तो काय करणार होता ते उघड झालं. मग शाळेत प्रार्थनेला हेडमास्तर आल्यावर वळाव्यात तशा त्या पोरांच्या सगळ्या माना साइडलाइनकडे वळल्या. माझ्यापासून चार हातांवर कोचनं कानाला हात लावला, मग पोटाला. पुन्हा टाळी. सेफ्टी जिथून निघाला होता तिथेच चेंडू पडला, रिसीव्हरच्या हातात. आम्ही साखळी घेऊन धावलो. मला फार आवडलं ते, पाहुणे असूनही.

लोक नो-हडल म्हटलं की एनएफएलचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आठवतात, रेषेवर उभा राहून हातवारे करणारा, सगळं स्वतः बदलणारा. तुमच्या मनातली भीती त्या चित्राची असेल तर ती सोडा. मॅनिंग असा झाला तो कित्येक वर्षांनी. १९९८ मध्ये, पहिल्या हंगामात, त्यानं २८ इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे २८ पास समोरच्यांच्या हातात. दुसरं चित्र जेडन डॅनियल्सचं. २०२४ मध्ये वॉशिंग्टननं या नवख्याला घेऊन लीगमध्ये सर्वांत जास्त नो-हडल खेळवलं, आदल्या वर्षी ४ जिंकून १३ हरलेला संघ १२-५ झाला आणि थेट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोलच्या एक पायरी आधी) पोचला. हडल जन्मलं वॉशिंग्टनात आणि निकालात निघालं तेही वॉशिंग्टनच्याच संघाकडून! पण डॅनियल्स एनएफएलला नवा होता, खेळाला नव्हे. पाच वर्षं कॉलेजात खेळून आलेला, तेविशीतला. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी दहावीतल्या पोराला घाईनं खेळवायला निघालं तर ऐकू नका.

घाईनं खेळवण्यातला खरा धोका क्वार्टरबॅकला नसतो, तो बाकावर बसलेल्या डिफेन्सला असतो. तीन प्ले, फर्स्ट डाऊन नाही (म्हणजे दहा यार्ड झाले नाहीत), पंट (लाथ मारून चेंडू समोरच्यांना देणं). हडल करत हे झालं तर डिफेन्सच्या पोरांना पाणी प्यायला दोन मिनिटं तरी मिळतात. भराभर खेळलात आणि त्यात दोन पास खाली पडून घड्याळ थांबलं, की मिनिटभरात तीच पोरं परत मैदानात. लहान शाळांत तर ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडे तीच पोरं असतात, म्हणजे आपण आपलाच दम काढतो. बफलो बिल्स १९९० च्या हंगामात क्वार्टरबॅक जिम केलीसोबत असंच वेगात खेळत सुपर बोलला पोचले. आदल्या सामन्यात ५१-३ नं जिंकून आलेले. अंतिम सामन्यात जायंट्सनी काय केलं? ६० पैकी ४० मिनिटांहून जास्त वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला आणि २०-१९ नं जिंकले. आणि केली तेव्हा तीस वर्षांचा होता, स्वतःचे डाव स्वतः ठरवणारा.

म्हणून कोचना भेटलात तर "नो-हडल का?" असं विचारू नका, त्यांना तो आईबापांचा नेहमीचा प्रश्न वाटेल. पहिल्या सामन्याला एकूण किती डाव घेऊन जाणार, ते विचारा. वीसेक म्हणाले तर मला बरं वाटेल. पन्नास म्हणाले तर तुमच्याइतकीच मलाही काळजी वाटेल. रेषेवर डाव बदलायची जबाबदारी कुणाची, पोराची की साइडलाइनची, हेही विचारा. आणि पोराला वाटलं तर हडल बोलवायची मुभा आहे का? हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. इंटरसेप्शन दिल्यावर पुढच्या वेळी चेंडू आला की हडलमध्ये बारावीतला एखादा लाइनमन हेल्मेटावर टपली मारून "चल रे" म्हणतो, ती टपली रेषेवर पसरून उभं राहिल्यावर मिळत नाही.

वेग हवाच असेल तर फर्स्ट डाऊन मिळाल्यावर एखाद-दोन प्ले भराभर घ्यावेत. डिफेन्स तेव्हा हबकलेला असतो आणि फसलं तरी पुढे डाऊन शिल्लक असतात.

घरी करण्यासारखं एकच. खुणा पाठ करून घ्यायला जेवणाच्या टेबलाशी तुम्ही हातवारे करा, त्यानं डाव सांगायचा. खुणांचा कागद कोच देतात. वरण वाढता वाढता कानाला हात लावायचा, तोंडात घास असताना उत्तर आलं पाहिजे. माझ्या ओळखीतल्या एका घरी धाकट्या बहिणीला खुणा त्या क्वार्टरबॅकच्या आधी पाठ झाल्या होत्या.

आणि सेंटरच्या आईवडिलांशी ओळख करून घ्या. नो-हडलवाले संघ बहुतेक वेळ शॉटगनमधून खेळतात, म्हणजे सेंटरला चेंडू पायांमधून चार-पाच यार्ड मागे फेकावा लागतो, तोही धापा टाकत. पहिल्या दोन सामन्यांत एखादा चेंडू तुमच्या पोराच्या डोक्यावरून जाणारच. तेव्हा स्टँडमध्ये ते दोघं तुमच्या शेजारीच बसलेले असतील. समोसे वगैरे घेऊन जा.