‘व्यापारी’ जमतं, ‘व्यापाऱ्यांना’ अडतं

प्रश्न : चादरींच्या दुकानातल्या संगणकावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई डेस्कटॉप आहे. मराठी टाइप करण्यासाठी एफसिटिक्स ५ आणि त्याचं एम१७एन (भारतीय भाषांच्या कीबोर्डांचा जोड) बसवून मराठी फोनेटिक जोडलं. एडिटरमध्ये मराठी उमटतं, पण बिलाच्या प्रोग्राममध्ये इंग्रजीच येतं. शिवाय ‘व्यापाऱ्यांना’चं ‘व्यापार्यांना’ होतं. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एफसिटिक्ससारखी इनपुट मेथड ही कीबोर्ड आणि प्रोग्रामच्या मधे बसते. प्रोग्राम तिला जोडलेला नसेल तर कळा थेट आत जातात आणि इंग्रजी उमटतं. प्रोग्रामच्या खिडक्या आणि बटणं जीटीके किंवा क्यूटी अशा साधनांवर बनतात. तुमचा एडिटर बहुधा जीटीकेवर चालतो, त्याची जोडणी झालेली दिसते. बिलाचा प्रोग्राम बहुधा क्यूटीवर आहे. त्याची जोडणी वेगळ्या पॅकेजात असते. सिनॅप्टिकमध्ये (पॅकेजं बसवायच्या प्रोग्राममध्ये) ‘एफसिटिक्स५-फ्रंटएंड-क्यूटी५’ शोधून बसवा, प्रोग्राम नवा असेल तर क्यूटी६चंही. मग इनपुट मेथड निवडायचं ‘इम-कॉन्फिग’ चालवून एफसिटिक्स ५ निवडा आणि लॉगआउट करून परत या. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, कारण ही सेटिंग लॉगिनच्या वेळीच वाचली जाते. तरीही अडलं तर टर्मिनलमध्ये ‘एफसिटिक्स५-डायग्नोज’ चालवा. काय कमी आहे ते त्यात दिसतं.

काही प्रोग्राम स्वतःचं क्यूटी सोबत घेऊन येतात. त्यात एफसिटिक्सची जोडणी नसते आणि वरचं पॅकेज त्यांना दिसतही नाही. अशा वेळी सरळ इनस्क्रिप्ट वापरा. तो भारतीय लिप्यांचा साधा कीबोर्ड लेआउट, म्हणजे कळांची मांडणी आहे, त्याला मधे कोणी लागत नाही. कीबोर्ड सेटिंगच्या ‘लेआउट’ टॅबमध्ये इंग्रजीच्या खाली ‘इंडियन’ (हाच इनस्क्रिप्ट) जोडा आणि बदलायची कळ ठरवा. एफसिटिक्स मात्र आधी बंद करा, नाहीतर तो लेआउट आपल्या मर्जीने बदलत राहतो.

‘ऱ्या’चा प्रश्नही इनस्क्रिप्टमध्येच सुटतो. साध्या ‘र’ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देऊन ‘य’ जोडला की रफार होतो, ‘सूर्य’मधल्यासारखा. ‘व्यापाऱ्यां’मधल्या अर्ध्या र साठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो : शिफ्ट धरून जे, मग डी, तिरकी रेघ आणि ई. तेवढ्यात ‘ऱ्या’ पुरा. हाच आकार साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असाही काढता येतो. पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि ग्राहकांच्या यादीत शोधताना निम्मी नावं सापडत नाहीत. दुकानात दोघे-तिघे टाइप करत असतील तर सगळ्यांनी युनिकोडचा (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतला) ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’च वापरायचा, हे आजच ठरवून घ्या.