वाचकांचे प्रश्न : सरासरी दोन, तरीही साथ का विझत नाही?

प्रश्न : परमा हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग प्रतिजैविकांनी बरा होतो आणि बहुतेकांचे संबंध एका जोडीदारापुरतेच असतात. तरीही तो नाहीसा का होत नाही? अशा रोगांच्या प्रसाराची गणिती प्रारूपे मांडतात असे वाचले. पण इतक्या खाजगी वागणुकीचे गणित मांडता येते का?
— संख्याशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपल्या पत्रातल्या ‘बहुतेकांचे’ या शब्दातच खरी गोम आहे. हा रोग टिकतो तो उरलेल्या थोड्यांमुळे, आणि म्हणूनच येथे नुसत्या सरासरीवर विसंबणारा हिशेब फसतो.

एका रोग्यापासून सरासरी किती नवे रोगी होतात, हा साथीच्या गणितातला पहिला आकडा. त्याला ‘आर-नॉट’ म्हणतात. तो 1 पेक्षा जास्त असेल तर साथ तग धरते, कमी असेल तर विझते. लैंगिक संसर्गांच्या बाबतीत तो तीन राशींचा गुणाकार असतो : एका जोडीदाराला लागण होण्याची शक्यता, वर्षभरात होणाऱ्या नव्या जोडीदारांची संख्या, आणि रोग्यापासून इतरांना लागण होऊ शकते ती मुदत. परमा बरा झाला तरी शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. बरा झालेला माणूस पुन्हा लागण होऊ शकणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो, हेही प्रारूपात धरावे लागते.

आता शंभर माणसांचा एक समाज कल्पू. त्यांतल्या 90 जणांना वर्षाला प्रत्येकी एकच जोडीदार आहे आणि 10 जणांना प्रत्येकी 11. बेरीज 200, सरासरी 2. लागणीची शक्यता निम्मी आणि मुदत चार महिने, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, धरू. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, कोणत्याही पाहणीतले नाहीत.) तिन्हींचा गुणाकार सुमारे 0.33 येतो. म्हणजे तीन रोग्यांमागे जेमतेम एक नवा रोगी. अशी साथ उभीच राहू नये.

परंतु रोग्याचा नवा जोडीदार कोण असेल, हे पाहिले की चित्र पालटते. एकूण 200 संबंधांपैकी 110 त्या दहा जणांच्या वाट्याचे आहेत. जोडीदार निव्वळ योगायोगाने जुळतात असे मानले, तर नवा जोडीदार त्या दहांपैकी असण्याची शक्यता 55 टक्के आहे, जरी लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 10 टक्केच असले. ज्यांना लागण होण्याचा संभव अधिक, त्यांच्याकडून ती पुढे जाण्याचा संभवही अधिक, असा हा दुहेरी परिणाम आहे. म्हणून सरासरीत, प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत, याच्या मापाच्या) वर्गाला सरासरीने भागून येणारी संख्या मिळवावी लागते. आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन 3 आहे. 9 भागिले 2 म्हणजे 4.5, त्यात 2 मिळवले की 6.5. आता गुणाकार 1.08 होतो आणि साथ टिकते. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी एचआयव्हीच्या प्रसारासंबंधी 1987 मध्ये जे विवेचन केले त्यात हेच सूत्र आहे, आणि परम्याच्या संदर्भात अशा लहान ‘गाभा गटा’चे महत्त्व हर्बर्ट हेथकोट व जेम्स यॉर्क या गणितज्ञांनी 1984 मध्ये सविस्तर दाखवून दिले होते.

या उदाहरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुदतीचा आकडा. चार महिन्यांची मुदत तीन महिन्यांवर आणली की गुणाकार 0.81 होतो. कोणाचीही वागणूक बदललेली नाही, जोडीदार तेवढेच आहेत, केवळ तपासणी आणि उपचार महिनाभर आधी झाले. तेवढ्याने साथ विझण्याच्या बाजूला झुकते. हा महिना कशामुळे वाया जातो? परम्याची लागण झालेल्या अनेक स्त्रियांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत. ज्यांना जाणवतात त्यांतले कित्येक जण लाजेपायी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि जे उपचार घेतात ते जोडीदाराला सांगत नाहीत. रोग्याला हिणवणारा माणूस नकळत या मुदतीत भर घालत असतो, हे मला अगदी निक्षून सांगावेसे वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. ते दहा जण योगायोगाने कोणाशीही न जुळता केवळ आपापसांतच जोडीदार निवडत असतील, तर त्या गटापुरता गुणाकार 1.83 येतो, आणि मुदत तीन महिन्यांची केली तरी तो 1.38 उरतो; ती दोन महिन्यांवर आणावी तेव्हा कोठे तो 1 च्या खाली जातो. कोण कोणाशी जुळते, हे गृहीतक बदलले की उपाय पुरेसा ठरेल की नाही, याचे उत्तरही बदलते. त्यामुळे कोणत्याही प्रारूपाचा निष्कर्ष वाचताना प्रथम त्याची गृहीतके वाचावीत.

खाजगीपणाविषयी : या गणिताला कोणाचे नाव लागत नाही. निनावी पाहण्यांतून मिळणारी जोडीदारांच्या संख्यांची विभागणी त्याला पुरते. लोक अशा प्रश्नांना नेहमीच खरी उत्तरे देत नाहीत, ही अडचण खरी आहे, आणि ती गाभा गटाबाबत अधिक जाचते, कारण तेथील थोड्या माणसांच्या उत्तरांवरच विचलनाचा आकडा अवलंबून असतो.

प्रश्न : एचपीव्हीची (जननेंद्रियांवरील चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांना कारण होणाऱ्या विषाणूवरची) लस फक्त मुलींना दिली तर मुलांना त्याचा काय उपयोग?
— एक पालक

उत्तर : स्त्री-पुरुष संबंधांतून जाणारी संसर्गाची साखळी आळीपाळीने चालते : पुरुषाकडून स्त्रीकडे, स्त्रीकडून पुन्हा पुरुषाकडे. एकाआड एक कडी लशीने निखळली की उरलेल्या कड्या आपोआप सुट्या होतात. ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये मुलींसाठी राष्ट्रीय लसीकरण सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत, लस न घेतलेल्या, स्त्रियांशी संबंध असणाऱ्या तरुण पुरुषांमध्येही जननेंद्रियांवरील चामखिळींचे प्रमाण घटले. पुरुषांशीच संबंध असणाऱ्या पुरुषांच्या साखळीत स्त्रीची कडीच नसते. त्यांच्यात तशी घट त्या काळात दिसली नाही. तेथे 2013 पासून मुलग्यांनाही ही लस देण्यात येऊ लागली.