लंगडीत मुलं लगेच बाद होतात

प्रश्न : दुसरीच्या वर्गाला लंगडी शिकवते आहे. निम्मी मुलं दोन-तीन उड्यांतच पाय टेकतात आणि बाद होऊन कडेला बसतात. काय करू?

उत्तर : बाई, आधी ते बाद होणं थांबवा. ज्याला उड्यांचा सराव सगळ्यांत जास्त हवा, तोच कडेला बसून राहतो. सुरुवातीची काही वर्षं मीही हीच चूक केली. त्या मुलांची आजही हळहळ वाटते. पाय टेकला की मुलाने पाय बदलावा आणि खेळत राहावं. मैदान लहान आखा, आठ-दहा जणांचे गट करा. बहुतेकांचा एक पाय कच्चा असतो, त्यालाही रोज थोडं काम द्या. मूल टाच आपटतंय का, हात अंगाशी आवळून धरतंय का, तेवढं बघा. चवड्यावर उतरून गुडघा किंचित वाकवला, हात मोकळे सोडले, की तोल सावरतो. ज्यांना एका पायावर उभंच राहता येत नाही, त्यांना आधी ठिकरीच्या चौकोनांत खेळवा. तिथे मध्ये दोन्ही पाय टेकायला मिळतात.

लंगडीच्या जोडीला फेकण्या-झेलण्याचाही सराव द्यायचा असेल, तर लगोरी घ्या. सुरुवातीला सातऐवजी तीनच लगोऱ्या रचा, चेंडू कापडी ठेवा आणि नेम चार पावलांवरून धरू द्या.